चौथ्याला जोडीदार आहे

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. रस्त्यात उतरवून टाकलेली लिंबं मुद्दाम तुडवणारी आगाऊ सून होते मी! पण या प्रकारात चावटपणा माझाच होता, त्यामुळे खोटं म्हणायची सोय नाही...

नाशिक रोडला आमची पिठाची गिरणी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिच्या घरघरीने ठार बहिऱ्या झालेल्या. पण यंत्रावर तळहात ठेवला की पट्टा कुठे सरकतोय ते अचूक सांगायच्या. माझी नणंद कुमुद परदेशात रेडिओ दुर्बिणीवर काम करायची. ताऱ्यांच्या दाट पुंजक्यांत ती पल्सर शोधायची – सेकंदाला शेकडो गिरक्या घेणारे मेलेले तारे. "भोवरे शोधायला पगार देतात?" असं मी तिला विचारलं होतं. काय माझी अक्कल!

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ती सुट्टीला आली, ती रडवेली होऊनच. कॉम्प्युटरने चार संशयित वेचलेले, त्यांत खरा तारा कोणता आणि इथल्याच विजेची खरखर कोणती ते कळेना, आणि पुन्हा तपासायला दुर्बीण मिळणार एकदाच. निवड चुकली की काम बंद. चौघांचे आवाज तिने कॅसेटवर उतरवले होते. दुपारी गंमत म्हणून तिने टेपरेकॉर्डरवर आईचा हात ठेवला.

"ही वीज हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आपल्या मोटरीवानी घुमती." दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्यालाही!

"अगं वहिनी, तिसऱ्यावर तर माझी सगळी भिस्त!" म्हणत कुमुद वही आणायला आत पळाली. "चौथा लाव तोवर. तो मी खोडलाय, वेग डळमळतो त्याचा."

मी काय केलं? सासूची फजिती करायला टेपमधले सेल काढून पदराखाली घेतले, आणि बटण दाबलं. यंत्र मुकं.

आत्याबाईंनी हात ठेवला. बराच वेळ.

"ह्यो येगळा हाय. येकटा नाय फिरत, जोडीदार हाय त्याला. मधीच वढतो, मधीच सोडतो."

दारात कुमुद वही घेऊन उभी. "जोडीदार! म्हणून वेग बदलतोय... वहिनी, ऐकलंस?"

मी पदराखालचे सेल आणखी घट्ट धरले.

दुर्बीण तिने चौथ्यावरच लावली. महिन्यांनी पत्र आलं – खरा पल्सर! आणि भोवती फिरणारा जोडीदारही.

सेलचं मी तिला सांगितलं ते आत्याबाई गेल्यानंतर, पुष्कळ वर्षांनी. एवढी शिकलेली बाई, पण तिलाही त्याचा उलगडा होईना. मला तर काय होणार!

मग कुमुद म्हणाली, "वहिनी, तेव्हा खरं बोलली असतीस ना, तर मी आईचं ऐकलंच नसतं."