तिने लावलेला स्क्रू

करवत्याला ऐकू येईनासे झाले, ते सगळ्यांच्या आधी त्याच्या बायकोला कळले. मशीनच्या आवाजात उभा जन्म गेलेला हा माणूस. कानांवर ती झाकणे चढवा म्हणून ती कानीकपाळी ओरडायची आणि हा हसण्यावारी न्यायचा. चेनसॉ कानांनी लावायचा असतो, कान झाकून कसा लावू, हे त्याचे ठरलेले उत्तर. शेवटी कानांनीच दगा दिला. जाड आवाज यायचे, बारीक यायचे नाहीत, आणि मशीनचे दुखणे तर बारीक आवाजातच कळते.

कार्बोरेटरवर एक छोटा स्क्रू असतो. आत फिरवला की पेट्रोल कमी जाते आणि मशीन किंचाळते. बाहेर काढला की जास्त जाते आणि ते गुरगुरते. ओंडक्याचे नुसते आडवे तुकडे करायचे असले, तर थोडे इकडेतिकडे चालून जाते. उभ्या फळ्या काढायच्या म्हणजे मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत मशीन पूर्ण रेसवर राबवायचे. पेट्रोलातूनच त्याला तेल मिळते. ते कमी पडले की पिस्टन भाजलाच. म्हणून हवेत रेस दिल्यावर किंचित गुरगुर हवी आणि पाते लाकडात शिरताच ती विरायला हवी. ही गुरगुर बायको ऐकायची. शेडच्या पायरीवर उभी राहून ती पंजा वर करायची, की हा पेचकस थांबवायचा. गावभर त्याच्या फळ्यांचे कौतुक व्हायचे आणि तो खुशाल मिशीतल्या मिशीत हसायचा. लबाडच होता तसा.

मोठे मशीन घ्यायलाही दोघे मिळून गेली. दुकानदाराने हलके, देखणे एक पुढे केले. तिने ते चालू करायला लावले, मान वाकडी करून ऐकले आणि नाक मुरडले. "तुकडे करायला छान आहे. फळ्या काढताना याचा जीव जाईल," म्हणाली. मग कोपऱ्यातले सगळ्यात मोठे, अवजड धूड निवडले. करवत्याची पाठ दुखेल, हेही तिनेच त्याला वर ऐकवले. भर उन्हाळ्यात तिने ऐकून त्याचा स्क्रू लावून दिला. उन्हाळा सरता सरता तापाचे निमित्त झाले आणि ती गेली.

करवत्याने त्या स्क्रूवर लाल रंगाचा थेंब टाकला. आता तो हलणार नव्हता. घरातले तिचे कपडे नणंद घेऊन गेली, भांडी जागच्या जागी राहिली नाहीत. हा स्क्रू तेवढा तिने ठेवला तिथेच होता.

थंडी पडली तसा मेहुणा येऊन टोकू लागला. बायकोचा धाकटा भाऊ, मशीनदुरुस्ती करणारा. गार हवा दाट असते, तेवढ्याच पेट्रोलात मशीन उपाशी पडते, हे त्याने परोपरीने सांगितले. ताईच दर थंडीला स्क्रू बाहेर काढायला लावायची, विसरलात का, असेही विचारले. करवत्या विसरला नव्हता. त्याला सगळे ठाऊक होते.

"तिनं लावलंय ते राहू दे," एवढेच तो म्हणाला.

एका सकाळी जाड ओंडक्याच्या मध्यावर मशीन अडले. चालू करायची दोरी ओढली, हलेना. करपल्याचा वास आला तेव्हा त्याने दोरी सोडून दिली.

मेहुण्याने सायलेन्सर काढला आणि पिस्टन दाखवला. त्यावर उभे ओरखडे पडले होते. करवत्या मान खाली घालून बसला. चार शब्द ऐकायची त्याची तयारी होती. मेहुण्याने एकही ऐकवला नाही. तो जवळ येऊन, त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "ताईनं बरोबरच लावला होता, दाजी. उन्हाळ्यापुरता."

नवा पिस्टन बसला, सिलिंडर बदलला. मेहुण्याने पेचकस स्वतः न वापरता त्याच्या हातात दिला आणि मशीन चालू केले. करवत्याने टोकाने रंग खरवडला. त्याने स्क्रू बाहेर फिरवायला घेतला आणि सवयीने पायरीकडे पाहिले. पायरी रिकामी होती. तिथे पाहत पाहतच तो फिरवत राहिला, डोळ्यांतले पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता. शेवटी हवी ती गुरगुर ऐकू येताच मेहुण्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो थांबला.

"तिच्यासारखं झालं?" मशीन बंद झाल्यावर त्याने विचारले.

मेहुण्याला खोटे बोलवेना. "जवळपास," तो म्हणाला.

करवत्याने मान हलवली. खुंटीवरची कानांची झाकणे काढली, बाहीने धूळ पुसली आणि कानांवर चढवली. मग तो अर्ध्या कापलेल्या ओंडक्याकडे गेला.