उद्याचा डबा आणि आमेन

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

नेरूळच्या आमच्या चर्चमध्ये सकाळी पाळकसाहेबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. "प्रभू, हॉस्पिटलच्या खाटेवरून सुशीलामावशींना उठव." सगळी मंडळी एका सुरात आमेन म्हणाली. मीही.

सुशीलामावशी एकट्याच राहतात. एरवी दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या पुसणाऱ्या त्याच.

उपासना संपल्यावर मी हॉस्पिटलला गेले. तिथे कळलं, त्यांना कधीच घरी सोडलंय. तशीच घणसोली गावात त्यांच्या खोलीवर गेले. मावशी भिंतीला टेकून भांडी घासत बसल्या होत्या.

मी म्हटलं, "मावशी, आज सगळ्यांनी तुमच्यासाठी प्रार्थना केली."

"करत असाल गं," त्या म्हणाल्या. "देवाला माझा पत्ता माहीत आहे. तुम्हाला नव्हता का?"

घरी येऊन चर्चच्या ग्रुपवर टाकलं, "मावशी घरी आल्यात. त्यांना स्वयंपाक जमत नाही. उद्या डबा कोण नेईल?"

तेव्हापासून खाली एकामागून एक "आमेन" येतायत.

आमेन म्हणजे 'तसंच होवो', एवढं मला ठाऊक आहे. तुमच्या मंडळीत ते करतं कोण?