बाथटबमधली माझी पाठ

ऑस्ट्रेलियात माझी पाठ माझ्या लेखी संमतीविना सार्वजनिक करण्यात आली.

पुण्यातली वकिली बंद करून आम्ही वेंटवर्थव्हिलला मुलाकडे राहायला आलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुलभाने, ग्रंथालयातला चित्रकलेचा वर्ग धरला. तिथल्या बाईंनी शंभरेक वर्षांपूर्वीची फ्रेंच चित्रे दाखवली: न्याहारीचे टेबल, खिडकीतले ऊन, टबात पहुडलेली चित्रकाराची बायको. (एका सद्गृहस्थाने म्हणे जन्मभर हेच केले. त्याच्या पत्नीने एकही नोटीस बजावली नाही, याचे मला आश्चर्य वाटते.) मग बाई म्हणाल्या, आता आपापल्या घरातला असाच खासगी क्षण रंगवा.

सुलभाने मला रंगवले.

मी टबात पाट ठेवतो, त्यावर बसतो आणि बादलीतले पाणी तांब्याने अंगावर घेतो. शॉवरवर माझा विश्वास नाही; किती पाणी घेतले याचा त्यात पुरावाच राहत नाही. हे सारे पाठीमागून, जांभळ्या-पिवळ्या रंगांत, ग्रंथालयाच्या भिंतीवर टांगले गेले. (न्हाणीघराची कडी नादुरुस्त असल्याबद्दल मी मुलाला दोन पत्रे दिली होती.)

मी तीन पानी हरकत नोंदवली. पाट माझा, तांब्या माझा, टक्कल माझे; सबब चित्र तत्काळ उतरवावे. ग्रंथपालबाईंचे उत्तर सभ्य होते. चित्रात चेहरा नाही, आजवर कोणी कोणाला ओळखलेले नाही. ती व्यक्ती आपणच, हे सिद्ध केल्यास चित्र उतरवू.

सिद्ध! मी प्रतिज्ञापत्र केले. ग्रंथालयातच कागदपत्रे साक्षांकित करणारे एक वयस्कर सरदारजी टेबल मांडून बसतात. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले, भिंतीकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "वकीलसाब, ज़रा घूम जाइए."

मी वळलो. कॉलर खाली ओढली. मानेवरची चामखीळ चित्राशी ताडून पाहायला ग्रंथपालबाई आल्या, वर्तमानपत्रे वाचणारे दोघे आले, गोष्टी ऐकायला जमलेली पोरे आयांसकट आली.

"दॅट्स हिम, मेट," वर्तमानपत्रवाल्यांपैकी एकाने निकाल दिला.

मी जिंकलो होतो. ग्रंथपालबाई शिडी घेऊन आल्या. सुलभा चित्राशेजारी उभी होती. तिने केलेले काही भिंतीवर लागण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. तिच्याकडे पाहणे मला जमेना. पण कायदा म्हणजे कायदा.

"उतरवू देत हो," ती म्हणाली. "आपल्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर नेमकी एवढीच जागा आहे. शनिवारी मराठी मंडळाची माणसं जेवायला आली की बघतील."

ग्रंथपालबाईंना मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गाठले. हरकत मागे घेतली, संमतीपत्र मागितले आणि सरदारजींच्या साक्षीने तिथेच सही ठोकली. बाईंनी खेदपूर्वक एवढेच सांगितले, की संमती घेतली की संबंधिताचे नाव चित्राखाली द्यावे, असा त्यांचा नियम आहे.

त्यामुळे ती आता कोणा अनोळखी इसमाची पाठ राहिलेली नाही. तिच्याखाली माझे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक अक्षरांत आहे. मजकूर मीच तपासून दिला.