अंबाजींची टाच

हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनापुढच्या रुळांवर अंबाजी सत्तावीस वर्षं चालत आले आहेत. रेल्वेत ते कीमन. रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकायचा, खडीवरून चौदा-पंधरा किलोमीटर जायचं आणि रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या असतील तर ठोकून बसवायच्या.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी नवे जाड बूट मिळाले. त्यांनी ते तसेच चढवले आणि दिवसभर चालले. टाचेला फोड आला. घरी येऊन तो त्यांनी पिनेने फोडला, पाय सुजला, आणि तीन आठवडे खाटेवर गेले.

तेव्हापासून पायांच्या बाबतीत त्यांनी हयगय केली नाही. नवे बूट आले की आठवडाभर रोज तास-दोन तास घरातच घालून फिरायचे. बायको, भारती, हसायची. ते फिरत राहायचे. आत पातळ मोजा, त्यावर जाड. पिशवीत आणखी एक कोरडी जोडी, अर्ध्या वाटेवर बदलायला.

गेल्या उन्हाळ्यात रुळांची देखभाल करणाऱ्या त्यांच्या गँगमध्ये तेजश्री आली. कुकटपल्लीची, बीएस्सी झालेली. दुसऱ्याच दिवशी अंबाजींच्या नजरेला आलं, पोरगी उजवा पाय जपून टाकतेय.

"टाच गरम झाली का गं?"

"हौ काका, थोडी. चालते मी."

"थोडी आहे तोवरच थांबायचं."

मुकादम एकनाथराव कुरकुरले. अंबाजी शांतपणे म्हणाले, "आज पाच मिनिटं द्या, नाहीतर पुढे पंधरा दिवस द्याल."

रुळांपासून लांब, लिंबाखाली तिने बूट काढला. मोजा घामाने चिंब, आत एक बारीक खडा. टाच लालभडक, पण फोड अजून नव्हता. अंबाजींनी पाय पुसून वाळू द्यायला सांगितलं, लाल जागेवर सुरकुती न पडता कापडी चिकटपट्टी लावायला सांगितली, आपली कोरडी जोडी दिली. मग स्वतः उकिडवे बसून नाडी बांधू लागले, घोट्यापाशी घट्ट, बोटांकडे सैल.

तेजश्री संकोचली. "काका, तुम्ही पायाला हात नका लावू."

"माझ्या पायाला डॉक्टरनं हात लावला, तेव्हा उशीर झाला होता," ते म्हणाले. "हे बघून ठेव, उद्या तुझं तू बांध."

त्या दिवशी ती शेवटपर्यंत चालली. आठवड्याभरात एकनाथरावांनीच विचारलं, पातळ मोजे आबिड्सच्या बाजारात कुठे मिळतात. त्या उन्हाळ्यात पायामुळे गँगमधल्या कुणाचा एक दिवसही बुडाला नाही.

अंबाजी रजेवर असले की त्यांची लाइन आता तेजश्री चालते.