डिकीतलं दावं

आधीच सांगून टाकतो, मी या ग्रुपवर आलो तो भांडायला. इथली तीन-चार भुतं मी स्वतः उतरवलेली आहेत, जुन्या सभासदांना आठवत असेल. ते विहिरीतल्या आवाजाचं प्रकरण, ती आपोआप उघडणारी खिडकी... लाकूड फुगतं हो पावसाळ्यात, दुसरं काय! बत्तीस वर्षं जळगावात हायस्कूलला फिजिक्स शिकवलं. वर्गात कुणी करणी-बाधा असलं काही काढलं, की मी त्याला फळ्यावर गतीचे तिन्ही नियम लिहायला लावायचो. आता स्वतःचीच गोष्ट सांगतोय, तेव्हा ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्या. माझी हरकत नाही. म्हणजे आहे, पण असो.

एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. माझी आई – तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीसुद्धा – ओट्यावरून पडली आणि मणक्याला मार बसला. नाशिकच्या एका डॉक्टरांचा गुण यायला लागला, पण दर दीड महिन्याला तिला दाखवायला न्यावं लागायचं. जळगावहून एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, मग नाशिक. तेव्हाचा रस्ता, आणि एस.टी.चं बाकडं. अक्का पुढच्या सीटचा दांडा धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला. दुसऱ्या खेपेहून घरी आल्यावर म्हणाली, "मला नको नेऊ आता. जे व्हायचं ते घरातच होऊ दे."

बासष्ट वर्षांची होती हो ती. अंथरुणाला खिळायचं वय होतं का हे? तासाला उभा राहिलो तरी माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरायचं.

मग ठरवलं, गाडी घ्यायची. नवी मास्तराच्या कुवतीबाहेरची, म्हणून जुनी. अट एकच, अक्का आडवी होऊन नाशिकला पोचली पाहिजे. आमच्या ओळखीचे मेकॅनिक इस्माईलभाई म्हणाले, "सर, मायलेज विसरा, रंग विसरा. स्प्रिंगचे पाटे बघा आणि मागची सीट बघा." मी पडलो फिजिक्सवाला. स्टीलचा पेला काठोकाठ भरून मागच्या सीटवर ताटलीत ठेवायचो, गाडी दोन किलोमीटर खराब रस्त्याने न्यायला लावायचो आणि किती पाणी सांडलं ते बघायचो. लोकांना वाटायचं मास्तर सटकलाय. एका जीपमध्ये पेलाच उलटला. एक फियाट पाहिली, मशीन गोड होतं, पण मागे अक्काचे पाय लांब होईनात. महिनाभर असं पेला घेऊन हिंडत होतो. एवढ्यात पुढची तारीख जवळ आली आणि अक्का म्हणते, तू कशाला धडपडतोस, मी येणारच नाही.

शेवटी धरणगाव तालुक्यात, एरंडोल-धरणगाव रोडवरच्या एका खेड्यात एक अ‍ॅम्बेसेडर सापडली. पांढरी, सत्तरच्या दशकातली. मालक कापसाचे शेतकरी, साठी उलटलेले, गावात सगळे आबा म्हणत. डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून विकत होते. मुलगा सुरतेला, घरी फक्त ते आणि त्यांची बायको. दोघांशिवाय कुणी नाही, हे नीट लक्षात ठेवा.

कापसाच्या बैलगाड्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्याने गाडी फिरवून आणली. ताटलीत चार थेंब. मी परत मोजले... चारच. मागची सीट म्हणजे दिवाण. आबा बोनेटवर हात फिरवत म्हणाले, "गाडी नही शे मास्तर, मना तिसरा बैल शे हाऊ." गोठ्यात दोन बैल होते आणि त्यांच्या शेजारच्या पत्र्याखाली ही उभी असायची.

न्यायच्या दिवशी त्यांच्या बायकोने चाकांवर पाणी घातलं, बोनेटला कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ठेवला. मी घड्याळ बघत होतो. मग आबांनी डिकी उघडली आणि आतला दोर काढला. चांगला जाड, अंबाडीचा, त्यांनीच वळलेला. "दावं मी ठेई लेस," म्हणाले. आमच्याकडे बैल विकला तर दावं देत नाहीत. घेणाऱ्याने आपलं घेऊन यायचं. दावं गेलं तर घरची लक्ष्मी जाते, आणि जनावर जुनी वाट विसरत नाही, असं मानतात. लहानपणापासून ऐकलेलं होतं मी. पण मोटारीचं दावं!

मला काय अवदसा आठवली कोण जाणे. म्हटलं, "आबा, सौदा सामानासकट झालाय. जॅक, पाना, स्टेपनी, दोर. आजारी आईला घेऊन जाणार आहे मी. वाटेत बंद पडली तर ट्रकला कशाने बांधू?" जळगावच्या बाजारात असे शंभर दोर मिळाले असते. पण मास्तरकी अंगात भिनलेली ना. आबांनी दोर थोडा वेळ हातात धरला आणि परत डिकीत ठेवला. "लई जा. पन मंग ती वाट इसरनार नही, सांगी ठेवस."

मी गाडी काढली. वाटभर हसत होतो.

पहिल्या खेपेला अक्का कशीबशी तयार झाली. मागे गोधडी अंथरली, उशी दिली. पारोळ्याच्या आधी घोरायला लागली. मी आरशात बघितलं आणि खरं सांगतो, डोळे भरून आले. पडल्यापासून ती दिवसा अशी झोपलीच नव्हती. नाशिकला उतरल्यावर स्वतःहून म्हणाली, "पुढची तारीख कधीची रे?"

आता जी गोष्ट माझ्या डोक्याला भुंगा लावून गेली ती. एरंडोलला धरणगावचा फाटा लागतो. जाताना तो उजव्या हाताला. तिथे स्टिअरिंग उजवीकडे जड झालं. येताना फाटा डावीकडे, तर तिथे डावीकडे ओढ. बाकी अख्ख्या रस्त्याला हात सोडला तरी गाडी सरळ. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एकाच बाजूला ओढते, हे माझे नववीचे विद्यार्थीसुद्धा सांगतील. इस्माईलभाईंनी पुढच्या चाकांचे किंगपिन बघितले, स्टिअरिंग बॉक्स खोलला. "सर, गाडीत काही नाही. तुमच्या हातात काहीतरी आहे." रस्त्याचा उतार म्हणावा तर मी दोरीला ओळंबा बांधून तोही मोजला. सपाट. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला मी फाटा यायच्या आधीपासूनच स्टिअरिंग घट्ट धरून बसलो. बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, "अहो, द्या ना तो दोर नेऊन त्यांना!" मी तिच्यावरच डाफरलो. दोर आणि स्टिअरिंगचा संबंध काय?

चौथी खेप. परत येताना दुपारचे साडेतीन झाले असतील. एरंडोलला फाट्यापाशी चहासाठी थांबलो. लिंबाखाली गाडी लावली, गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, शिवाय मागच्या चाकाला दगड. अक्का गाढ झोपली होती, तिला उठवलं नाही. काच थोडी खाली ठेवली आणि किल्ली खिशात घातली. चहा घेतला, समोरच्या एस.टी.डी. बूथवर घरी फोन लावायला गेलो. पुढे दोघं होते. वीस मिनिटं गेली असतील.

बाहेर आलो तर लिंबाखाली गाडी नाही.

दगड होता. मी लावला तिथेच. खिसा चाचपला, किल्ली खिशात. टपरीवाल्याला विचारलं तर तो शांतपणे म्हणतो, "गेली ना आत्ता, धरणगावच्या रोडने. सावकाश गेली." कोण चालवत होतं? "ते काही पाहिलं नाही साहेब. मला वाटलं तुम्हीच."

आईला घेऊन गाडी गेली होती. एक रिकामा टेम्पो धरणगावला निघाला होता, त्यात चढलो. ड्रायव्हर सारखा विचारत होता, काय झालं मास्तर, आणि मी नुसतं "चला, चला" करत होतो. दोन्हीकडच्या वावरांत उलटलेली पांढरी गाडी शोधत होतो. मनात एकच, नाशिकला चल म्हणून मीच तिच्या मागे लागलो होतो.

आबांच्या गावाशी टेम्पोतून उडीच मारली. गाडी त्यांच्या गोठ्याशेजारी, त्याच पत्र्याखाली उभी. बोनेट उघडं. आणि अक्का ओट्यावर लोडाला टेकून आबांच्या बायकोशी बोलत चहा पीत बसलेली.

मी काय करावं? आईला हात लावून बघायच्या आधी आबांच्या अंगावर धावलो. दुसरी किल्ली ठेवून घेतलीत, चोर आहात तुम्ही, पोलिसात देतो... नाही नाही ते बोललो. मी त्यांच्या तोंडासमोर हात नाचवत होतो आणि त्यांना तो धड दिसतही नव्हता. मग आबा शांतपणे म्हणाले, "मी वावरमाईन ऊनू, ते उभी व्हती आठे. तापेल व्हती, पानी पाजं." शेतातून परतले तर गाडी इथे तापलेली उभी, म्हणून रेडिएटरला पाणी घातलं होतं त्यांनी. शेजारी बादली होती.

"गप बस," अक्का माझ्यावर ओरडली. "थोरामोठ्याशी असं बोलतात? तूच तर आणलंस ना मला."

"मी?"

"मग कोण? मध्येच जाग आली, विचारलं कुठे चाललोय रे, तर बोलला नाहीस. पण हळू चालवत होतास, एक धक्का नाही. म्हणून परत डोळा लागला."

पुढच्या सीटवर कोण दिसलं, असं मी तिला नंतर कितीदा विचारलं असेल. ती म्हणायची, आडवं पडलेल्या माणसाला छतच दिसतं.

मी डिकी उघडली, दोर काढला आणि दोन्ही हातांनी आबांना दिला. पायाही पडलो. त्यांनी चाचपडत गोठ्यातली खुंटी शोधली. तिथे आणखी सात-आठ दावी होती, विकलेल्या बैलांची. एकेकाला हात लावून त्यांनी नावं सांगितली, आणि शेवटी आमचा दोर अडकवला. "आते जा बिनघोर," म्हणाले. बाजारातून मी दुसरा दोर घेतला आणि तो डिकीत टाकला. त्यानंतर त्या फाट्यावर स्टिअरिंग एकदाही जड झालं नाही. गाडीत मी एक पानासुद्धा फिरवला नव्हता.

त्याच गाडीने अक्का आणखी चार वर्षं नाशिकला गेली. नुसती नाशिकला नाही, वणीला गेली, यावलला बहिणीकडे गेली, काठी टेकत का होईना स्वतःच्या पायांनी चढायची-उतरायची. पुढे एका सकाळी घरीच, झोपेत गेली. जे व्हायचं ते घरातच झालं, पण चार वर्षं उशिरा.

गाडी दारात नुसती उभी राहायला लागली. मला ती चालवणं होईना, मागे आरशात बघायची सवय जात नव्हती. बोदवडच्या एका गृहस्थांना दिली. त्यांनाही आईवडिलांसाठीच हवी होती. मी गोधडी काढून घेतली. बायकोने चाकांवर पाणी घातलं आणि हळूच म्हणाली, "अहो, दोर काढून घ्या. आबा काय म्हणाले होते, आठवतंय ना?"

मी हो म्हणालो. डिकी उघडली, दोर स्टेपनीच्या मागे आत सरकवला आणि डिकी लावून टाकली.

बायकोला हे आजवर सांगितलेलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहितोय. दुसऱ्या किल्लीपासून सामूहिक भ्रमापर्यंत सगळं मी स्वतःच तपासून बघितलंय. वीस मिनिटांचं आणि त्या दगडाचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, या वेळी मी वाद घालणार नाही.

गाडी काही अजून आलेली नाही. भंगारातही गेली असेल एव्हाना. पण दुपारी फाटकाशी जुन्या इंजिनाचा आवाज आला की मी उठून खिडकीशी जातो, आणि आधी मागच्या सीटकडे बघतो.