अंगठ्याखालचं तिसरं कापड

दोरीवर दोन शर्ट आणि एक टॉवेल वाळत होता. बाकीचे पिळे तसेच बादलीत पडून होते. मी डबा घेऊन जिना चढून गेले तेव्हा भावजी गच्चीच्या कोपऱ्यात उभे होते, खांद्यावर ओली चादर आणि उजव्या हातानं चिमट्याशी झटापट. चिमटा काही उघडेना. अंगठा दाबला की बोट सटकायचं आणि चिमटा टणकन खाली. पायाशी चार-पाच पडलेच होते.

"नवे आणलेत," मला पाहून ते म्हणाले. "स्प्रिंग फार कडक. पैलवानांसाठी काढलेत वाटतं."

मी एक उचलून दाबून पाहिला. आमच्या घरच्या चिमट्यांपेक्षा ढिलाच होता. त्यांच्या खांद्यावरची चादर घेतली आणि वाळत घातली. उरलेले चिमटे त्यांनी माझ्या हातात दिले तेव्हा तळवा दिसला. अंगठ्याच्या बुडाशी मऊ गादी असते ना, ती खचून गेली होती. उन्हात तिथं खळगा पडलेला दिसत होता.

"भावजी, हे कधीपासून?"

"काय कधीपासून? वय झालं वहिनी. सगळंच सुकत चाललंय."

हे माझे धाकटे दीर. धंदा शिंप्याचा, आणि त्यातही मूळचा हात कापड कापण्याचा. बाजारातल्या गल्लीत दुकान, एक लांब टेबल, दोन मशीन आणि काजं-बटणं करायला एक मावशी. कापड कापायला घेतलं की कडेवरून ते अंगठा फिरवायचे. खाली किती पदर आहेत ते अंगठाच सांगायचा, वाकून बघायची गरज नाही. मग कात्री अशी चालायची की पाण्यातून होडी जावी. पण ती कात्री चालू होईपर्यंतच खरी गंमत. माप दोनदा घेणार. खडूनं रेघ मारणार, पुसणार, पुन्हा मारणार. कच्चे टाके घालून गिऱ्हाइकाला बोलावणार, उसवणार, परत बोलावणार. शिवणीच्या आत जादा कापड इतकं ठेवणार की माणूस दोनदा सुटून दोनदा वाळला तरी विजार तीच चालावी. गल्लीत त्यांना कुणी मास्तर म्हणत नाही, उद्याशेठ म्हणतात. तेही हसून ओ देतात. गल्लीतली मास्तर म्हणणारी एक मावशीच.

त्यांच्यावर ठरवायची पाळीच कधी आली नाही. धंदा कोणता ते सासऱ्यांनी ठरवलं, दुकान यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं पाहिलं, मुलगी मी पाहिली. लग्नानंतर सगळी सूत्रं माझ्या जावेनं हातात घेतली. "आमच्या ह्यांना दोन भाज्यांतली कुठली करू म्हणून विचारू नये, उपाशी राहतील," असं ती म्हणायची आणि ते मान खाली घालून हसायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. संसार सुखाचा होता.

आयुष्यात एक गोष्ट त्यांनी एकट्यानं ठरवली. जाऊ पोटाच्या दुखण्यानं दवाखान्यात होती आणि आम्ही परगावी. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, आत्ताच सांगा. ती शुद्धीवर नव्हती. विचारायला कुणी नव्हतं. भावजी म्हणाले, "करा."

ती टेबलावरून परत आली नाही.

नाहीतरी वाचणार नव्हती, असं डॉक्टरांनी सांगितलं, यांनी सांगितलं, मी तर शंभरदा सांगितलं असेल. ते मान डोलवतात. पण मान डोलवणं निराळं आणि पटणं निराळं. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर दोन रंगांचे दोन पट्टे आहेत, एक निळसर, एक पिस्ता. जावेनं नमुना म्हणून लावून घेतले होते, चार दिवस बघू आणि ठरवू म्हणून. त्या भिंतीला पुढं निळाही लागला नाही आणि पिस्ताही नाही. मी एकदा म्हटलं, रंगारी बोलावू का? तर म्हणाले, "बघू. दोन्ही बरेच दिसतात."

हाताचं कळल्यावर यांनी त्यांना बखोट धरूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सुनेच्या वयाच्या. सुई टोचून पाहिली, तारा लावून तपासलं. मनगटात नस दाबली गेली आहे, म्हणाल्या, आणि ती आजकालची नाही. बोटांची जाण त्यामुळंच गेली.

"ऑपरेशन केलं तर बिघडायचं थांबेल. गेलंय त्यातलं किती परत येईल ते मात्र सांगता येत नाही. बरंच येईल, किंवा काहीच येणार नाही. नाही केलं तर आहे तेही जाईल."

"म्हणजे मग नक्की..."

"नक्की असं काही नाही, काका."

घरी आल्यावर हे कपाळावर हात मारून म्हणाले, "त्या बाईनं खरं सांगितलं तिथंच घोडं अडलं. एक थाप मारली असती तर हा आज टेबलावर असता."

मग भावजींनी मतं गोळा करायला सुरुवात केली. न्हावी म्हणाला, हाताला पोलाद लावू नका. औषधाच्या दुकानवाल्यानं गोळ्या दिल्या. इस्त्रीवाल्यानं मेव्हण्याची गोष्ट सांगितली, ऑपरेशन झालं आणि माणूस ठणठणीत. त्या एका गोष्टीवर भावजी आठवडाभर खुशीत होते. मग कळलं, मेव्हण्याचा गुडघा होता.

"मास्तर," काजाची सुई न थांबवता मावशी म्हणाली, "गल्लीतल्या कुत्र्याचं मत तेवढं राहिलंय. बसा, येईलच तो हाडूक हुंगत."

"तू गप गं. तुला काय, तुझा हात आहे का?"

"माझा असता तर एव्हाना टाके निघाले असते."

मला विचारलं तेव्हा मी देवासमोर वात लावत होते. मनात जे होतं तेच तोंडून गेलं: "देवावर सोडा भावजी. तो सांभाळतो." किती सहज बोललो आपण! महिन्याभरानं हाताचं काय झालं म्हणून विचारलं तर म्हणतात कसे, "मी देवावर सोडलंय वहिनी. तुम्हीच म्हणालात ना?" आणि चेहऱ्यावर अशी शांती, की जणू कामच झालं. मला रागही आला आणि भीतीही वाटली. म्हटलं, "अहो, देवावर सोडायचं ते आपल्या वाटणीचं करून झाल्यावर. चूल न पेटवता देवावर सोडलं तर भात शिजतो का?"

"बघू. थोडी थंडी कमी होऊ दे," ते म्हणाले.

थंडी कमी झाली. हात काही सुधारला नाही. आता शर्टाची बटणं लावायला त्यांना फार वेळ लागायचा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. कात्री मात्र कुणाला देत नव्हते. सवयीनं चालायची ती. मावशीला कापता येतं हे त्यांनाही माहीत होतं, पण तिच्या हाती कात्री देणं म्हणजे काहीतरी ठरवून टाकणं झालं असतं.

अशात एक शाळेतल्या बाई कोट घेऊन आल्या. वडलांचा कोट, गडद राखाडी, जुन्या जाड लोकरीचा. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. बाईंना तो स्वतःच्या मापाचा करून हवा होता. "पुढच्या थंडीत शाळेला घालून जाईन," म्हणाल्या, "कपाटात नुसता लटकलेला बघवत नाही." भावजींनी नेहमीसारखं केलं. माप दोनदा घेतलं, बाईंना पुन्हा बोलावलं, मग सगळा कोट उसवला, तुकडे वेगळे केले, वाफ देऊन इस्त्री केली. रेघा मारल्या, पुसल्या, मारल्या. मावशी सांगत होती, असं सावकाश काम तिनंही पाहिलं नव्हतं.

मग समोरचे दोन भाग एकावर एक ठेवून त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्यानं सांगितलं, दोन पदर. होते तीन. बाहीचा एक तुकडा खाली सरकून राहिला होता.

कात्री वरून खालपर्यंत गेली. वरचे दोन्ही भाग रेघेबरहुकूम, अगदी छान. खालची बाही कोपराच्या वर आडवी तुटलेली.

तो दिवस बाईंच्या ट्रायलचा होता. मी डबा घेऊन पोचले तेव्हा मावशी काम सोडून भिंतीला टेकून बसली होती आणि भावजी टेबलापाशी बाहीचे दोन तुकडे जुळवत होते, काढत होते, पुन्हा जुळवत होते.

"जोड देता येईल," मावशी म्हणाली. "वर पट्टी लावू. फॅशन म्हणून खपेल."

"खपेल," ते म्हणाले. पण तसं म्हणताना तिच्याकडे बघितलं नाही.

बाई आल्या. पर्स खुर्चीवर ठेवून हसत म्हणाल्या, "आज तरी घालायला मिळणार ना, मास्तर? की परत कच्चे टाके?"

भावजींनी दोन्ही तुकडे उचलून त्यांच्यासमोर ठेवले. "बाई, माझ्याकडून कापली गेली. खाली बाही होती, मला कळलं नाही. माझ्या अंगठ्याला काही लागत नाही. बरेच दिवस झाले. ते माहीत असून मी तुमचा कोट घेतला."

मला वाटलं, आता त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं, एकदा, मग उलट दिशेनं.

"बाबांचा हात लांब होता हो," त्या म्हणाल्या. "बाही मला फार मोठी व्हायची. तरी मी तुम्हाला सांगणार होते, बाही लहान करू नका म्हणून. दुमडून घातली असती."

"मी जोड देऊन..."

"नको."

सगळे तुकडे गोळा करून त्यांनी ओढणीत बांधले. मावशी पिशवी द्यायला उठली, तीही घेतली नाही. पायरी उतरताना मागं वळून त्या एवढंच म्हणाल्या, "माहीत होतं तर नाही म्हणायचं होतंत. मी रागावले नसते."

त्या गेल्या. रस्त्यावरून हातगाडी गेली, शेजारच्या दुकानातला रेडिओ वाजत राहिला. मी डबा टेबलावर ठेवला तर भावजी म्हणाले, "तिथं नको, डाग पडेल," आणि मग त्यांच्या लक्षात आलं की टेबलावर आता कापडच नाही.

ते स्टुलावर बसले. उजवा हात मांडीवर उताणा ठेवला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"वहिनी, तिच्या वेळी मी 'करा' म्हणालो आणि ती गेली."

"भावजी, तसं नाही ते. किती वेळा सांगू?"

"असू दे. मला तसं वाटतं, ते काही जाणार नाही. पण म्हणून मी धरून चाललो होतो की ह्या वेळी काही म्हणायचंच नाही. आपण काही म्हटलं नाही तर काही घडायचं नाही." ते थांबले. "घडलंच की. मी नुसता बसून होतो तरी घडलं. आणि माझं नाही गेलं काही, त्या बाईंचं गेलं."

मी म्हणणार होते, होईल हो हात बरा. शब्द ओठांवर आले होते.

"बरा होईल असं म्हणू नका," ते म्हणाले, मी तोंड उघडायच्या आतच. "ते ऐकलं की मी 'नक्की ना' विचारीन. मग तुम्ही 'हो' म्हणाल, मग मला ते खरं वाटणार नाही आणि मी घरी जाऊन झोपेन."

मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "चला, एवढं तरी कळलं स्वतःबद्दल."

"तू बोलू नकोस. इकडे ये." त्यांनी टेबलावरची मोठी कात्री डाव्या हातानं उचलली आणि मुठीकडची बाजू तिच्यापुढं केली. "कपाटात दोन विजारी आणि एक शाळेचा गणवेश आहे. खुणा केलेल्या आहेत. काप."

"मी?"

"मग काय कुत्रा?"

तिनं कात्री घेतली. त्यांनी दिलेली परत मागितली नाही. खणातून दवाखान्याचा कागद काढून खिशात घातला.

"संध्याकाळी हे येतील कामावरून," मी म्हटलं. "ते बरोबर येतील दवाखान्यात. एकटे कशाला जाता?"

"दादा येईपर्यंत थांबलो तर तोवर न्हाव्याच्या दुकानात पुन्हा चार मतं ऐकून येईन." ते उठले. पायताण चढवताना भिंतीचा आधार घेतला. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम. माझी जाऊ आत होती त्या दिवशी बाकावर बसलेले असेच दिसले असतील, असं मनात आलं.

"भीती वाटतेय का?" मी विचारलं. विचारू नये ते विचारलं.

"वाटतेय. हात नाही आला परत तर मी काय करणार, मला खरंच माहीत नाही वहिनी. काजंसुद्धा करता येणार नाहीत. मावशी मला नोकरीवर ठेवायची नाही."

"ठेवीन," मावशी आतून म्हणाली. "झाडायला."

ते हसले नाहीत. मीही हसले नाही. देवाजवळ मागायचं तरी काय, मला क्षणभर समजेना. हात बरा कर म्हणावं, की भावजींचं पाऊल मागं वळू देऊ नको म्हणावं? दोन्ही एकदम मागायचा धीर झाला नाही. मी त्यातलं दुसरं मागितलं.

डबा तसाच राहिला. भावजी पायरी उतरले, आणि ऑपरेशनसाठी नाव नोंदवायला दवाखान्यात गेले.