सोमवारचे तीन बीप

"तुम्ही फक्त लिहून द्या, रॅम चोरीला गेली. पुढचं आम्ही बघतो," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

कर्वेनगरची शाळा. लॅब नवी, तिसऱ्या मजल्यावर, आठ कॉम्प्युटर. दुरुस्तीचं कंत्राट आमच्या कंपनीकडे, म्हणून मी. 'पुढचं' दारातच उभं होतं. शिपाई वानखेडे, यवतमाळकडचे. नोकरी कायम व्हायची होती, त्याआधी हातात मेमो पडला होता. लॅबची किल्ली त्यांच्याकडे ना.

रॅम म्हणजे मशीनच्या पोटातली बोटभर पट्टी. ती नसली की स्क्रीन काळा आणि तीन बीप. गेले तीन सोमवार एकेक मशीन असंच बंद पडलं होतं. बाईंनी मॅन्युअल वाचून चोर ठरवला. मशीन उघडायला मात्र सगळ्यांना बंदी.

मी उघडलं. रॅम जागेवरच होती, फक्त एका टोकाला उचकटलेली. खिशातल्या खोडरबराने तिच्या कडा घासल्या, दाबून बसवली. मशीन सुरू. उरलेल्या दोन्हींत तेच.

"चोराने परत आणून ठेवली असेल," बाई म्हणाल्या.

"अर्धवट बसवून?"

मला आता राहवेना. दर वेळी सोमवारच का? वानखेड्यांना विचारलं, "शनिवारी लॅबमध्ये काय करता?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं. "सांगा की," बाई म्हणाल्या.

"उतरवतो जी. आठही. खाली प्रश्नपत्रिकांच्या खोलीत, तिला लोखंडी दार आहे. सोमवारी पुन्हा वर."

"शेजारच्या शाळेत चोरी झाली, तेव्हापासून मीच सांगितलंय," बाई म्हणाल्या.

"उतरवता कशावर?"

"बाकावर. एका टोकाला मी, दुसऱ्याला माळीबुवा. जिन्यात वळताना आपटतोच बाक."

मी एक चालू मशीन बाकावर ठेवून खाली नेऊन आणायला लावलं. सुरू झालं. बाईंना बरं वाटलं. दुसऱ्या फेरीनंतर मात्र तीन बीप.

बाई म्हणाल्या, "वानखेडे, हे आधी बोलायचं नाही का?"

"बोललो होतो जी. तुम्ही म्हणालात, कॉम्प्युटरातलं तुम्हाला काय कळतं."

बाईंनी हात पुढे केला, मेमो घेतला आणि फाडला. माफी वगैरे काही नाही. महिन्याभरात लॅबलाच लोखंडी दार बसलं, आणि वर्षअखेरीस वानखेडे कायम झाले.

तेव्हापासून मी कुठेही गेलो की स्क्रू काढायच्या आधी, मशीन उचलतं कोण, ते विचारतो. साहेब लोक त्याला वेळेचा अपव्यय म्हणतात.